पेशीतील ऊर्जेचा व्यवहार: प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन

सजीव पेशीला ऊर्जा सतत लागते. प्रथिने बांधणे, क्षार पटलातून आत-बाहेर ढकलणे, स्नायू आखडणे, चेतातंतूतून संदेश पाठवणे, नव्या पेशीसाठी डीएनएची प्रत काढणे, यांतले एकही काम तिच्याविना होत नाही. पेशी ही ऊर्जा नव्याने निर्माण करत नाही, कारण ऊर्जा निर्माण करताच येत नाही. ती फक्त एका रूपातून दुसऱ्या रूपात नेता येते. हिरव्या वनस्पती, शैवाले आणि काही जीवाणू सूर्यप्रकाशातील ऊर्जा साखरेच्या रेणूंत बांधून ठेवतात. ही क्रिया म्हणजे प्रकाशसंश्लेषण. तीच साखर टप्प्याटप्प्याने मोडून तिच्यातील ऊर्जा कामाला लावणे म्हणजे श्वसन. नाकाने हवा आत घेणे आणि बाहेर सोडणे हा श्वसनाचा वरवरचा भाग झाला. मूळ क्रिया प्रत्येक जिवंत पेशीच्या आत चालते.

शालेय पुस्तकांत या दोन क्रियांची समीकरणे एकमेकांच्या उलट लिहिलेली असतात. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून प्रकाशाच्या साहाय्याने ग्लुकोज आणि ऑक्सिजन तयार होतात. ग्लुकोज आणि ऑक्सिजन यांपासून पुन्हा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी मिळते. जमाखर्च म्हणून हे बरोबर आहे. मात्र त्यावरून एक क्रिया म्हणजे दुसरीच मागे चालवलेली, असा समज होतो आणि तो चुकीचा आहे. दोन्हींच्या जागा वेगळ्या, विकरे वेगळी, मधले टप्पेही वेगळे. उलट ज्या बाबतीत त्या खरोखर सारख्या आहेत ते साम्य समीकरणात उमटतच नाही. दोन्हींत इलेक्ट्रॉन एका पातळ पटलातून प्रवास करतात, त्या प्रवासामुळे पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साचतात आणि हे प्रोटॉन परतताना एक सूक्ष्म यंत्र फिरवतात. विसाव्या शतकातील जीवशास्त्राला लागलेला हा फार मोलाचा शोध आहे आणि या विषयाचा गाभाही तोच आहे.

पेशी साखरेतील ऊर्जा थेट वापरत नाही. ग्लुकोजच्या एका रेणूतली ऊर्जा बहुतेक कामांना फार जास्त होते, म्हणून ती आधी लहान लहान हप्त्यांत एटीपी, म्हणजे ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट, या रेणूत घातली जाते. या रेणूला तीन फॉस्फेट गट ओळीने जोडलेले असतात. शेवटचा गट सुटला की उपयोगी ऊर्जा मिळते आणि एडीपी उरते. एडीपीला फॉस्फेट पुन्हा जोडले की एटीपी तयार. १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे हा रेणू शोधला. सुब्बाराव मूळचे आंध्रातील भीमावरमचे. इतक्या मूलभूत शोधात वाटा असूनही त्यांचे नाव भारतातील पाठ्यपुस्तकांत अभावानेच आढळते, ही खेदाची बाब आहे.

एटीपी साठवून ठेवण्याची सोय शरीरात जवळजवळ नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात एका वेळी ते फार तर शंभर-दोनशे ग्रॅम असते. विश्रांतीच्या अवस्थेतही दिवसभरात त्याची जी उलाढाल होते ती साधारण शरीराच्या वजनाइतकी भरते. म्हणजे एटीपीचा एकेक रेणू दिवसातून शेकडो वेळा मोडला जातो आणि पुन्हा जोडला जातो. ही जोडणी काही मिनिटे जरी थांबली तरी मेंदूच्या पेशी मरू लागतात. ऑक्सिजन तुटल्यावर माणूस इतक्या झटकन दगावतो त्याचे कारण हेच.

झाडाचे शरीर कशापासून बनते, या प्रश्नापासून प्रकाशसंश्लेषणाचा शोध सुरू झाला. झाड माती खाऊन वाढते असे शतकानुशतके मानले जाई. बेल्जियममधील यान बाप्टिस्टा फान हेल्मोन्ट यांनी २०० पौंड कोरडी माती एका कुंडीत भरली, तीत ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती जेमतेम दोन औंस घटली. त्यांचा हा वृत्तांत त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झाला. झाड पाण्यापासून बनते, हा त्यांचा निष्कर्ष अर्धाच खरा होता. हवेचा विचार त्यांच्या मनात आला नाही, आणि झाडाच्या कोरड्या वजनाचा मोठा हिस्सा तर हवेतील कार्बन डायऑक्साइडमधूनच आलेला असतो.

हवेचा दुवा इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांना १७७१ साली सापडला. बंद काचपात्रात मेणबत्ती जळून विझली की त्यातली हवा पुन्हा ज्योत धरत नसे. पण त्याच पात्रात पुदिन्याची डहाळी काही दिवस ठेवली की मेणबत्ती पुन्हा पेटे. त्या हवेत उंदीरही जगला. मात्र हा प्रयोग कधी साधे, कधी फसे. त्यामागचे कारण डच वैद्य यान इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्ये दाखवून दिले: हवा सुधारण्याचे काम झाडाचे फक्त हिरवे भाग करतात आणि तेही फक्त उजेडात. अंधारात तीच पाने प्राण्यांप्रमाणे हवा बिघडवतात. झाडेही श्वसन करतात, याची ही पहिली स्पष्ट नोंद. पुढे १८४५ मध्ये जर्मन वैद्य युलिउस रोबर्ट मायर यांनी या क्रियेला ऊर्जेच्या भाषेत मांडले: वनस्पती प्रकाशाची ऊर्जा रासायनिक ऊर्जेत बदलून साठवतात.

हे काम पानाच्या पेशींतील हरितलवकांत चालते. हरितलवकाच्या आत चपट्या पिशव्यांच्या चळती असतात आणि त्या पिशव्यांच्या पटलात हरितद्रव्याचे रेणू प्रथिनांच्या आधाराने बसवलेले असतात. हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये त्याच धाटणीच्या कड्यात लोह असते. हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश जास्त शोषते, हिरवा त्या मानाने कमी, म्हणून पान हिरवे दिसते. थिओडोर एंगलमन यांनी १८८०च्या दशकात ही गोष्ट मोठ्या कल्पकतेने पडताळली. शैवालाच्या एका तंतूवर त्यांनी लोलकातून फाकलेला वर्णपट पाडला आणि त्याच पाण्यात ऑक्सिजनकडे धाव घेणारे जीवाणू सोडले. जीवाणूंची दाटी तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांपाशी झाली, हिरव्यापाशी मात्र ते तुरळकच राहिले.

प्रकाशाचा कण हरितद्रव्यावर पडला की त्याची ऊर्जा शेजारच्या रेणूकडून पुढच्या रेणूकडे सरकत, सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात, एका विशिष्ट केंद्रापर्यंत पोहोचते. तिथल्या हरितद्रव्यातून एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. इथपर्यंतची घटना भौतिकशास्त्राची. खरे आश्चर्य पुढे आहे. इलेक्ट्रॉन गमावलेले हे केंद्र ती रिकामी जागा भरण्यासाठी पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेते. पाणी हे अत्यंत स्थिर संयुग आहे, त्यातून इलेक्ट्रॉन सहजासहजी निघत नाही. ते काम मँगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक अणू यांचा, ऑक्सिजनच्या अणूंनी बांधलेला एक लहानसा पुंजका करतो. प्रकाशाच्या एकेका कणासरशी तो एकेक इलेक्ट्रॉन देतो आणि चार इलेक्ट्रॉन गेले की पाण्याचे दोन रेणू फुटून ऑक्सिजनचा एक रेणू बाहेर पडतो. पृथ्वीवरील हवेतला जवळजवळ सगळा ऑक्सिजन या पुंजक्याने दिलेला आहे.

हा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे तर पाण्यातून येतो, हे १९४१ साली सॅम्युएल रुबेन, मार्टिन केमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. ऑक्सिजनचा जड समस्थानिक त्यांनी एकदा पाण्यात घातला आणि एकदा कार्बन डायऑक्साइडच्या बाजूने. बाहेर पडणाऱ्या वायूत तो पाण्याच्या वेळीच सापडला. या एका निष्कर्षाने महाराष्ट्रात घराघरांत ऐकू येणारा एक समजही निकालात निघतो. पिंपळ, तुळस किंवा कोरफड रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतात, असे सांगितले जाते. पाणी फोडायला प्रकाश लागतो आणि प्रकाश नसेल तर ऑक्सिजन नाही; या नियमाला एकही झाड अपवाद नाही. याच्या उलट टोकाचा समजही तितकाच निराधार आहे: रात्री झाडाखाली किंवा खोलीतल्या कुंडीजवळ झोपले तर जीव गुदमरतो, असे म्हणतात, पण एका कुंडीतले रोप जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडते त्याच्या कितीतरी पट त्या खोलीत झोपलेला माणूस सोडत असतो.

पाण्यातून निघालेले इलेक्ट्रॉन पटलातील प्रथिनांच्या साखळीतून पुढे जातात, वाटेत प्रकाशाचा आणखी एक धक्का घेतात आणि शेवटी एनएडीपी नावाच्या वाहक रेणूवर चढतात. वाटचालीत प्रोटॉन पिशवीच्या आत ढकलले जातात आणि त्यांच्या जोरावर एटीपी बनते. म्हणजे प्रकाशाने दोन गोष्टी हाती दिल्या: एटीपी आणि इलेक्ट्रॉन लादलेला वाहक. साखर अजून कुठेच नाही.

साखर कशी बनते याचा छडा कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मेल्व्हिन कॅल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी लावला. किरणोत्सारी कार्बन-१४ हा समस्थानिक १९४० मध्ये हाती आला होता. या संशोधकांनी काचेच्या चपट्या पात्रात हिरवे शैवाल ठेवले, त्यावर उजेड सोडला, किरणोत्सारी कार्बन डायऑक्साइड दिला आणि काही सेकंदांनी शैवाल थेट गरम अल्कोहोलमध्ये सोडून सगळ्या क्रिया जागच्या जागी थांबवल्या. मग शैवालातील संयुगे कागदावर वेगवेगळी पसरवून त्यावर क्ष-किरण फिल्म ठेवली; किरणोत्सारी संयुगांचे काळे डाग फिल्मवर उमटले. वेळ जसजसा कमी केला तसतसे डाग कमी होत गेले आणि अगदी थोड्या सेकंदांच्या नमुन्यात तीन कार्बनचे एक आम्ल ठळकपणे उरले. हवेतला कार्बन प्रथम जिथे बांधला जातो ते संयुग हेच. त्यापुढचे सगळे चक्र उलगडायला जवळपास दहा वर्षे लागली. कॅल्व्हिन यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बेन्सन यांना मात्र त्यात वाटा मिळाला नाही.

कार्बन डायऑक्साइडचा रेणू पकडून चक्रात घालणारे विकर म्हणजे रुबिस्को. ते फार संथ आहे. सेकंदाला जेमतेम तीन-चार रेणू हाताळते, म्हणून पानाला ते प्रचंड प्रमाणात बनवावे लागते. पृथ्वीवर सर्वाधिक आढळणाऱ्या प्रथिनांत त्याची गणना होते. त्याचा दुसरा दोष अधिक महाग पडतो: कार्बन डायऑक्साइडऐवजी ते पुष्कळदा ऑक्सिजनच पकडते. भात, गहू, तूर, भुईमूग, सोयाबीन अशा पिकांत साधारण चारांत एकदा ही चूक होते आणि तीतून तयार झालेले निकामी संयुग निस्तरायला आधी कमावलेली ऊर्जा आणि कार्बन खर्ची पडतात. उष्णता वाढली की चुकाही वाढतात.

ऊस, मका, ज्वारी आणि बाजरी यांनी या अडचणीवर तोड काढली आहे. त्यांच्या पानांत शिरांभोवती मोठ्या पेशींचे कडे असते. बाहेरच्या पेशी एका वेगळ्या विकराने कार्बन पकडून चार कार्बनच्या आम्लात घालतात आणि ते आम्ल आतल्या कड्याकडे पाठवतात. तिथे कार्बन डायऑक्साइड मोकळा होऊन त्याचे प्रमाण इतके वाढते की रुबिस्कोला ऑक्सिजन पकडायला फारसा वावच राहत नाही. ही रीत प्रथम उसातच नीट समजली. हवाई बेटांवरील ऊस संशोधकांना उसाच्या पानात कार्बन आधी चार कार्बनच्या आम्लात गेलेला आढळला आणि १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात मार्शल हॅच व रॉजर स्लॅक यांनी त्याचा संपूर्ण मार्ग मांडला. भर उन्हात, मर्यादित पाण्यावर ज्वारी-बाजरी तग धरतात त्यामागे ही रचना आहे. पर्णरंध्रे अर्धवट मिटलेली असली तरी त्यांचे भागते, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात त्या जास्त कार्बन बांधतात. पश्चिम महाराष्ट्रात ऊस एवढे पाणी पितो तो पीक वर्ष-दीड वर्ष शेतात उभे असते म्हणून आणि उत्पादनाचा भार मोठा असतो म्हणून. पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे कार्बन बांधण्यात त्याचे पान कमी पडत नाही.

निवडुंग, अननस, घायपात आणि पानफुटी यांनी वेळ बदलली. ती पर्णरंध्रे रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून घेऊन उजेडात त्याची साखर करतात. याची एक जुनी नोंद भारतातच झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पाने वेगवेगळ्या वेळी चावून पाहिली: सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. त्यांचे हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनला छापले गेले. रात्रभर साठलेले आम्ल दिवसा खर्च होते, हे त्यांना जिभेने कळले होते. त्याचा खुलासा व्हायला मात्र शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी पिकात अन्नाच्या रूपाने साठणारा वाटा या साऱ्या युक्त्यांनंतरही एक-दोन टक्क्यांच्या पुढे क्वचितच जातो.

आता श्वसन. आंत्वान लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८०च्या दशकात गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले, किती बर्फ वितळतो आणि प्राणी किती कार्बन डायऑक्साइड सोडतो हे मोजले आणि कोळसा जाळून मिळणाऱ्या आकड्यांशी ताडून पाहिले. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, हा त्यांचा निष्कर्ष हिशेबापुरता खरा ठरला. फरक रीतीत आहे. साखर जाळली तर सगळी ऊर्जा एकदम उष्णता होऊन जाते. पेशीत तीच साखर वीसहून अधिक पायऱ्यांनी उतरवली जाते आणि मोक्याच्या पायऱ्यांवर ऊर्जा अडवून घेतली जाते.

पहिला टप्पा पेशीद्रवात होतो आणि त्याला ऑक्सिजन लागत नाही. सहा कार्बनचे ग्लुकोज मोडून तीन कार्बनच्या पायरुव्हेटचे दोन रेणू होतात आणि एटीपीचे दोन रेणू पदरात पडतात. हा मार्ग जीवाणूपासून माणसापर्यंत जवळजवळ सगळ्यांत सारखा आहे. ऑक्सिजन नसेल तर बहुतेक ठिकाणी काम इथेच संपते. यीस्ट पायरुव्हेटचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते, विरजणातले जीवाणू लॅक्टिक आम्ल करतात, जोरात धावणाऱ्या माणसाचे स्नायूही काही काळ तेच करतात. ग्लुकोजमधील बहुतेक ऊर्जा या वाटेने अल्कोहोलात किंवा आम्लात तशीच अडकून राहते. म्हणूनच हवा मिळाली की यीस्ट साखर बेताने वापरू लागते, हे लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये नोंदवले.

ऑक्सिजन असेल तर पायरुव्हेट तंतुकणिकेत शिरते. तिथे ते एका चक्रात फिरत जाऊन त्याचा सगळा कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात बाहेर पडतो. माणूस उच्छ्वासावाटे जो वायू सोडतो तो बहुतांशी इथला. हान्स क्रेब्ज यांनी इंग्लंडमधील शेफील्ड येथे कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग करून १९३७ मध्ये हे चक्र मांडले. त्यांचे टिपण ‘नेचर’ साप्ताहिकाने जागेअभावी परत पाठवले, म्हणून ते दुसऱ्या नियतकालिकात छापले गेले. १९५३ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळाले. या चक्रात थेट एटीपी अगदी थोडे बनते. त्याचे मुख्य काम साखरेतील इलेक्ट्रॉन काढून वाहक रेणूंवर चढवणे हे आहे.

हे वाहक इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलातील प्रथिनसाखळीला देतात. लोह आणि तांबे असलेल्या प्रथिनांवरून उतरत उतरत इलेक्ट्रॉन अखेरीस ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात आणि तिथे पाणी तयार होते. फुप्फुसातून आत घेतलेल्या ऑक्सिजनचे मुख्य काम एवढेच: साखळीच्या टोकाशी इलेक्ट्रॉन स्वीकारणे. सायनाइड हे शेवटचे प्रथिन अडवते. ऑक्सिजन रक्तात भरपूर असूनही पेशींना तो वापरता येत नाही आणि काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. हरितलवकात प्रकाशाने इलेक्ट्रॉन पाण्यातून उचलून वर नेला होता; तंतुकणिकेत तो खाली उतरून पुन्हा पाण्यात पोहोचतो. दोन्ही क्रियांचे खरे नाते हे आहे.

इलेक्ट्रॉनांच्या या उतरणीतून एटीपी कसे बनते, हा प्रश्न बरीच वर्षे कोणालाच सुटत नव्हता. ऊर्जा साठवणारे एखादे मधले संयुग असणार असे गृहीत धरून अनेक प्रयोगशाळा ते शोधत राहिल्या. १९६१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी वेगळेच सुचवले: असे संयुग नाहीच. इलेक्ट्रॉन उतरताना प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात, एका बाजूला त्यांचा साठा होतो आणि तो साठा परत येताना एटीपी घडते. धरणात अडवलेले पाणी जनित्रावर सोडले की वीज मिळते, तसाच हा प्रकार. ही कल्पना आधी बहुतेकांनी झिडकारली. मिचेल यांनी पुढे विद्यापीठ सोडून कॉर्नवॉलमधील एका जुन्या वाड्याची डागडुजी करून तिथे स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली आणि काम चालू ठेवले.

त्यांच्या बाजूने सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेत आंद्रे जेगेनडॉर्फ यांनी १९६६ मध्ये दिला. पालकाच्या हरितलवकांतील पटले त्यांनी अंधारात आम्लात भिजत ठेवली, म्हणजे पिशव्यांच्या आत प्रोटॉन भरले. मग ती एकदम अल्कधर्मी द्रावणात टाकली आणि एडीपी व फॉस्फेट दिले. प्रकाशाचा एक कणही न पडता एटीपी तयार झाले. प्रोटॉनांमधला फरक तेवढाच पुरेसा होता. १९७८ मध्ये मिचेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तोवर विरोधकांपैकी बहुतेकांनी त्यांचे म्हणणे मान्य केले होते. तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर सुमारे ०.१५ व्होल्टचा दाब असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण पटलाची जाडी मीटरच्या अब्जांशाच्या पाच-सहा पट एवढीच असल्याने हे क्षेत्र दर मीटरला सुमारे ३ कोटी व्होल्ट भरते.

प्रोटॉन ज्या प्रथिनातून परततात ते एटीपी सिंथेज अक्षरशः फिरते. त्याचा एक भाग पटलात रुतलेला असतो. प्रोटॉन त्यातून जाताना त्याला फिरवतात, त्याला जोडलेला दांडा वरच्या भागात घुमतो आणि वरच्या तीन खणांत आळीपाळीने एडीपी व फॉस्फेट दाबून जोडले जातात. एका फेऱ्यात एटीपीचे तीन रेणू. असे फिरणे असावे, हा तर्क पॉल बॉयर यांचा, आणि त्याला आधार देणारी रचना जॉन वॉकर यांनी दाखवली. दोघांना १९९७ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी जपानमध्ये हिरोयुकी नोजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दांड्याला एक चमकणारा तंतू चिकटवला, एटीपी दिले आणि तो तंतू सूक्ष्मदर्शकाखाली गोल फिरताना पाहिला. एटीपी दिल्यावर यंत्र उलटे चालते, म्हणून हे शक्य झाले. एका रेणूचे फिरणे माणसाने प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे, याहून सुंदर पुरावा विज्ञानात क्वचितच सापडेल.

ग्लुकोजच्या एका रेणूमागे या सगळ्यांतून एटीपीचे साधारण ३० ते ३२ रेणू मिळतात. जुन्या पुस्तकांतला ३६ किंवा ३८ हा आकडा आता जास्त मानला जातो, कारण प्रोटॉनांचा काही साठा इतर वाहतुकीवर खर्च होतो आणि थोडा गळतोही. ही गळती काही वेळा मुद्दाम घडवली जाते. नवजात बाळाच्या मानेजवळ आणि पाठीत तपकिरी मेद असतो. त्याच्या तंतुकणिकांत प्रोटॉनांना एटीपी सिंथेज टाळून परतण्याची वाट असते, त्यामुळे ऊर्जा थेट उष्णता होते आणि बाळ थंडीत तगते. सुरणाचा फुलोराही श्वसनाच्या जोरावर तापतो आणि त्याचा वास कीटकांपर्यंत पसरतो. तिथे इलेक्ट्रॉनच आडवाटेने ऑक्सिजनला देऊन टाकले जातात, प्रोटॉन फारसे साचत नाहीत. १९३०च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल हे रसायन वजन कमी करण्यासाठी दिले जाई. ते पटलातून प्रोटॉन गळवते. माणसे बारीक झाली, पण अंगातली उष्णता आवरेना म्हणून काही दगावली आणि १९३८ मध्ये त्याच्या वापरावर बंदी आली.

वनस्पतीच्या प्रत्येक जिवंत पेशीत श्वसन दिवसरात्र चालू असते. पानांना उजेडात ऑक्सिजन जागेवरच मिळतो. मुळांना तो मातीतल्या पोकळ्यांतून घ्यावा लागतो. शेतकरी जमिनीच्या ज्या स्थितीला वाफसा म्हणतात तिच्यात ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असतात. पाणी साचून वाफसा गेला की पोकळ्यांतली हवा निघून जाते, मुळांतील श्वसन खुंटते, एटीपी आटल्याने मुळांना क्षार ओढून घेता येत नाहीत आणि पाण्यात उभे असूनही पीक पिवळे पडते. भाताच्या देठात आणि मुळांत हवेच्या नळ्या असतात, म्हणून तेच पाणी त्याला बाधत नाही.

साठवलेले धान्यही जिवंत असते. कोरड्या दाण्यात श्वसन अगदी मंद चालते, ओल लागली की वाढते; दमट ज्वारीच्या पोत्यात हात घातला तर ऊब लागते ती दाण्याच्या आणि त्यावरच्या बुरशीच्या श्वसनाची. जमिनीखालच्या पेवात ही क्रिया महिनोन्‌महिने चालून ऑक्सिजन संपतो आणि जड असलेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. अशा बंदिस्त हवेत कीड वाढत नाही, हा पेवाचा फायदा. पण त्याच हवेने पेवात उतरलेली माणसेही दगावली आहेत. म्हणून जाणती माणसे पेव उघडल्यावर ते बराच वेळ मोकळे ठेवत आणि मगच आत उतरत. कांदाचाळीला चारी बाजूंनी हवा खेळती ठेवतात, त्यामागे श्वसनाची उष्णता आणि ओल बाहेर जावी हाही हेतू असतो.

दिवसाकाठी झाड जेवढा कार्बन बांधते त्यातला साधारण निम्मा ते स्वतःच्या श्वसनात परत सोडते. उरलेला लाकूड, पाने, फळे आणि मुळे यांत जातो. जमीन आणि समुद्र मिळून जगभर असा वर्षाला सुमारे १०० अब्ज टन निव्वळ कार्बन बांधला जातो आणि त्यात दोघांचा वाटा जवळपास सारखा असतो. समुद्रातला वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या शैवालांचा. यातला जवळजवळ सगळा कार्बन प्राणी, बुरशी आणि जीवाणूंच्या श्वसनातून पुन्हा हवेत येतो. जुन्या, पूर्ण वाढलेल्या जंगलात जमा आणि खर्च इतके जवळ असतात की अशा जंगलाच्या जोरावर हवेतला ऑक्सिजन फारसा वाढत नाही. आजचा २१ टक्के ऑक्सिजन साठला तो कोट्यवधी वर्षांत गाळाखाली पुरल्या गेलेल्या, कधीच न कुजलेल्या सेंद्रिय कार्बनामुळे.

या साऱ्याची सुरुवात नील-हरित जीवाणूंनी केली. पाणी फोडण्याची रासायनिक कला प्रथम त्यांना साधली आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साचू लागला. ऑक्सिजन वापरणारा एक जीवाणू पुढे दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच स्थिरावला, त्याच्या वंशजांची तंतुकणिका झाली. बऱ्याच काळानंतर तंतुकणिका असलेल्या अशाच एका पेशीत नील-हरित जीवाणू शिरला, त्याचे हरितलवक झाले. अमेरिकेतील लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हा विचार पुराव्यांसह मांडला, तेव्हा तो अनेकांना पटला नाही. दोन्ही अंगकांना स्वतःचा डीएनए आहे, दोन्ही जीवाणूंप्रमाणे दुभागून वाढतात आणि दोन्हींचे एटीपी सिंथेज आजच्या जीवाणूंच्या एटीपी सिंथेजशी जुळते, हे कळत गेले तसा विरोध मावळला. तंतुकणिका आधी आली आणि हरितलवक नंतर, म्हणून वनस्पतीच्या पेशीत दोन्ही आढळतात, तर प्राण्याच्या पेशीत फक्त पहिली.